राष्ट्रीय विज्ञान स्पर्धेसाठी संशोधन प्रकल्प कसा करावा

शाळा सुरू होऊन काही आठवडे झाले, की विज्ञान स्पर्धांची परिपत्रके येऊ लागतात आणि शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी मुले येऊन उभी राहतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "सर, प्रकल्पाला विषय सुचवा ना." हा लेख त्या मुलांसाठी आहे, तसाच त्यांच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठीही आहे. आठवी ते बारावीच्या वयात राष्ट्रीय पातळीपर्यंत जाईल असा संशोधन प्रकल्प तालुक्याच्या गावातल्या साध्या शाळेतूनही उभा राहू शकतो, हे मी अनेक वर्षे मुलांबरोबर काम करून आणि काही वर्षे परीक्षक म्हणून बसून पाहिले आहे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. स्वतःचा प्रश्न हवा, तो मोजता येईल इतका लहान करण्याची तयारी हवी आणि त्या त्या दिवशी लिहिलेली वही हवी.

कोणत्या स्पर्धेत काय अपेक्षित असते

पहिली गफलत इथेच होते. विज्ञान प्रदर्शन, कल्पनास्पर्धा आणि संशोधन स्पर्धा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकासाठी केलेले काम जसेच्या तसे दुसरीकडे चालत नाही. तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या प्रदर्शनांत मुख्यतः प्रतिकृती मांडून एखादे तत्त्व किंवा उपयोग समजावून सांगायचा असतो. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळेकडून मुलांच्या नव्या कल्पना मागवल्या जातात आणि निवड झालेल्या मुलाला कल्पनेची प्रतिकृती करण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. तिथे कल्पनेचे नावीन्य पाहिले जाते. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते. लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या पुढे गेलेल्या मुलांना तिच्यात कृती-संशोधन प्रकल्पही करावा लागतो आणि महाराष्ट्रातल्या अनेक मुलांची संशोधनाशी पहिली ओळख तिथेच होते.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद ही खरी संशोधनाची स्पर्धा आहे. १९९३ पासून ती देशपातळीवर भरते. १० ते १७ वर्षांची मुले तिच्यात भाग घेऊ शकतात आणि वयानुसार त्यांचे लहान व मोठा असे दोन गट केले जातात. एक मुख्य विषय साधारणपणे दोन वर्षांसाठी जाहीर होतो, त्याखाली उपविषय असतात आणि मुलांनी आपल्या परिसरातला एखादा प्रश्न घेऊन, प्रत्यक्ष माहिती गोळा करून, त्याचा अभ्यास मांडायचा असतो. मुलांना आपल्या भाषेत मांडणी करता येते, हे मला या परिषदेचे सर्वांत मोठे बळ वाटते. मराठीत विचार करणाऱ्या मुलाला मराठीतच प्रकल्प लिहिता आला, की पाठ केलेली वाक्ये आपोआप गळून पडतात.

आयरिस हा राष्ट्रीय मेळावा व्यक्तिगत किंवा छोट्या गटाच्या संशोधनाचा आहे आणि त्यातून निवडलेले प्रकल्प अमेरिकेत मे महिन्यात भरणाऱ्या आयसेफ या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात भारताच्या वतीने जातात. आयसेफ १९५० पासून सुरू आहे. नववी ते बारावीची मुले त्यात येतात, गटात तीनपेक्षा अधिक जण चालत नाहीत आणि मांडलेले काम सलग बारा महिन्यांपेक्षा अधिक काळाचे असून चालत नाही. ज्याला तिथवर जाण्याची इच्छा आहे त्याने तिथले नियम पहिल्याच दिवशी वाचावेत, कारण काही परवानग्या प्रयोग सुरू होण्यापूर्वीच घ्याव्या लागतात आणि मागाहून घेतलेली परवानगी ग्राह्य धरली जात नाही.

कोणतीही स्पर्धा असो, चालू वर्षाची मार्गदर्शिका समोर ठेवूनच काम सुरू करावे. मागच्या वर्षी थोरल्या बहिणीने कसे केले होते, यावर विसंबू नये.

प्रश्न कसा शोधावा

"जलप्रदूषण", "सौरऊर्जा", "प्लास्टिकचे दुष्परिणाम" ही प्रकरणांची नावे झाली. त्यांना प्रश्न म्हणता येणार नाही. प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर आज कोणालाच, निदान तुमच्या गावात तरी, माहीत नसेल आणि ते मोजून काढता येईल. असे प्रश्न घरात, रानात, बाजारात विखुरलेले असतात. तबल्याच्या शाईमुळे त्याचा नाद इतका सुरेल का होतो, या प्रश्नावर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी काम केले आणि भारतीय चर्मवाद्यांच्या स्वरांविषयीचे त्यांचे टिपण १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आले. तबला तर आपल्याकडे घरोघरी, देवळोदेवळी वाजत होताच.

मी मुलांना एक साधे काम देतो. आठ दिवस खिशात छोटी डायरी ठेवा आणि घरातले कोणी "असे केले की असे होते" म्हणाले, की ते वाक्य तसेच्या तसे लिहून ठेवा. डाळ शिजताना आधी मीठ घातले तर ती शिजत नाही. कडुनिंबाचा पाला घातला की धान्याला कीड लागत नाही. शेणाने सारवलेली जमीन उन्हाळ्यात गार राहते. जुना माठ पाणी गार करत नाही. आठ दिवसांत अशी वीस-पंचवीस वाक्ये जमतात. मग प्रत्येक वाक्यापुढे तीन प्रश्न लिहायचे : यात काय बदलायचे, काय मोजायचे आणि बाकी काय काय सारखे ठेवावे लागेल. ज्या वाक्याला या तिन्हींची उत्तरे देता येतात आणि ज्याची साधने दोन-चार महिने आपल्या हाताशी राहू शकतात, ते आपले.

शिक्षकांना इथे एक कळकळीची विनंती आहे. प्रश्न मुलालाच निवडू द्या. आपल्याला त्याहून चांगला प्रश्न सुचला तरी तो गिळून टाका. दिलेल्या प्रश्नावर मूल महिनाभर काम करते, पण स्वतःच्या प्रश्नासाठी ते मे महिन्याच्या दुपारी सहाव्यांदा वजन करायला उठते.

एक प्रयोग जवळून पाहू

वरच्या यादीतले माठाचे वाक्य घेऊ. बोअरच्या जड पाण्यातले क्षार माठाच्या छिद्रांत बसतात आणि त्यामुळे जुना माठ पाणी गार करत नाही, असे पुष्कळ घरी सांगतात. हे खरे आहे का?

आधी तत्त्व नीट समजून घ्यावे. माठाच्या भिंतीतून पाणी झिरपते, बाहेरच्या पृष्ठभागावरून त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा आतल्या पाण्यातून घेतला जातो. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास १ किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे ५ लिटर पाण्याच्या माठातून १०० ग्रॅम पाणी उडून गेले, तर ते सुमारे २४३ किलोज्यूल उष्णता घेऊन जाते आणि बाहेरून काहीच उष्णता आत आली नसती, तर उरलेले पाणी ११ ते १२ अंशांनी गार झाले असते. प्रत्यक्षात बाहेरची गरम हवा माठाला सतत उष्णता देत असते, म्हणून तेवढी घट दिसत नाही. हे गणित मुलाने स्वतःच्या हाताने केलेले असले, की पुढचे सारे मोजमाप त्याला अर्थपूर्ण वाटू लागते.

दुसरी मर्यादा हवेची. माठातले पाणी किती गार होऊ शकते ते हवेतल्या आर्द्रतेवर ठरते. तापमापीच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळून, वारा घालून जे तापमान मिळते, त्याच्या खाली माठातले पाणी जात नाही. हवा ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर हे ओल्या कापडाचे तापमान सुमारे २२ अंश येते. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ते २८ अंशांच्या आसपास असते. म्हणून अकोल्याचा माठ आणि रत्नागिरीचा माठ यांची थेट तुलना करता येत नाही. दोन्ही ठिकाणी नातेवाईक असलेल्या मुलाला मात्र यातूनच एक वेगळा, फार सुंदर प्रकल्प मिळू शकतो.

आता मांडणी. मुलांच्या मनात पहिल्यांदा येते ते असे : घरातला जुना माठ घ्यावा, बाजारातून नवा आणावा, दोन्हींत पाणी भरावे आणि संध्याकाळी तापमान पाहावे. यात किती गोष्टी एकदम बदलल्या ते मोजा. दोन माठ दोन कुंभारांचे, माती वेगळी, भट्टी वेगळी, भिंतीची जाडी वेगळी, आकार वेगळा आणि त्यात वयही वेगळे. फरक दिसला तरी तो क्षारांमुळेच पडला, असे म्हणता येणार नाही. म्हणून मांडणी बदलायची. एकाच कुंभाराकडून, एकाच भट्टीतले, शक्य तितके सारखे सहा नवे माठ फेब्रुवारीत आणावेत. तीन माठांत रोज बोअरचे पाणी भरावे आणि उरलेल्या तिन्हींत आरओचे किंवा तसेच कमी क्षारांचे पाणी भरावे. दोन्ही पाण्यांचा जडपणा कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर अनुमापन (टायट्रेशन) करून मोजावा आणि वहीत लिहावा. तीन महिने हा क्रम चालू ठेवावा आणि दर पंधरवड्याला एक मोजमापाचा दिवस ठेवावा.

मोजमापाच्या दिवशी सहाही माठांत एकच पाणी, सारख्याच तापमानाचे, प्रत्येकी ५ किलो भरावे, नाहीतर पाण्याचा फरक आणि माठाचा फरक यांची सरमिसळ होईल. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दर तासाला वजन आणि पाण्याचे तापमान घ्यावे. १० किलोपर्यंतचा आणि १ ग्रॅमचा फरक दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा काही किराणा दुकानांत असतो आणि दिवसभरासाठी मागितला तर मिळतोही. काटा सपाट जागेवर ठेवावा आणि प्रत्येक वेळी आधी शून्यावर आणावा.

खरी परीक्षा आहे ती बारकाव्यांची. काही माठ नुसते पाझरत नाहीत, तर ठिबकतात. ठिबकलेल्या पाण्याचे वजन घटते, पण त्याची वाफ झालेली नसल्यामुळे गारवाही येत नाही. म्हणून प्रत्येक माठाखाली ताटली ठेवून तिच्यात साचलेले पाणी वेगळे मोजावे. कोरा माठ पहिल्या दिवशी स्वतःच पुष्कळ पाणी पितो, म्हणून पहिले मोजमाप त्याला एक दिवस पाण्यात भिजवल्यानंतरच घ्यावे. ओसरीतली एखादी जागा वाऱ्याच्या झोतात असते, म्हणून माठांच्या जागा प्रत्येक मोजमापाच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून बदलाव्यात. तापमान वाचणाऱ्याला कोणता माठ कोणत्या पाण्याचा हे माहीत नसावे. माठांवर फक्त १ ते ६ आकडे घालावेत आणि कोणता आकडा कशाचा, ती चिठ्ठी दुसऱ्या जोडीदाराकडे बंद पाकिटात ठेवावी. आपल्याला हवे ते उत्तर डोळ्यांना दिसू लागते. हा दोष लहानांत असतो तसाच मोठ्या शास्त्रज्ञांतही असतो आणि त्यावर हे पाकीट हाच उपाय आहे.

तापमापी एकच वापरावा. तो बरोबर आहे की नाही, हे बारीक फोडलेल्या, वितळू लागलेल्या बर्फात बुडवून पाहता येते. तिथे त्याने शून्य अंश दाखवायला हवे. उकळत्या पाण्यात तपासणी करायची असेल, तर गावाची उंची विचारात घ्यावी. महाबळेश्वरला पाणी १०० अंशांच्या बरेच खाली, ९५-९६ अंशांच्या आसपास उकळते आणि तिथल्या मुलाने आपला तापमापी बिघडला असे समजून तो परत करू नये.

हा सगळा प्रयोग डिसेंबरात करता येत नाही, हेही लक्षात आले असेल. बालविज्ञान परिषदेच्या जिल्हा आणि राज्य फेऱ्या पावसाळ्यानंतर होतात, म्हणून ज्याला उन्हाळ्याचा प्रश्न आहे त्याने आदल्या उन्हाळ्यातच मोजून ठेवले पाहिजे. ज्याचा प्रश्न पावसाशी निगडित आहे, त्याला जूनच्या पहिल्या सरीपूर्वी पर्जन्यमापक लावून तयार राहावे लागते. ऋतू परिपत्रकाची वाट पाहत नाही.

नोंदवही

वही हेच तुमचे काम आहे आणि अहवाल तिच्यातून निघतो. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही घ्यावी, सुट्या पानांची घेऊ नये. पानांना आधीच क्रमांक घालावेत. रोज तारीख, वेळ, हवामान आणि कोण हजर होते ते लिहावे. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारावी, शेजारी बरोबर आकडा लिहावा आणि चूक का झाली तेही लिहावे. खोडरबर आणि पांढरी शाई वहीपासून दूर ठेवावी.

याबाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. मार्गदर्शनाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी शेतातल्या गांडुळांच्या विष्ठेच्या ढिगांवर फार चिकाटीने काम केले होते. त्यांची वही मातीने भरलेली होती, पाने ओली होऊन वाळलेली होती आणि एका पानावर विंचू दिसल्यामुळे त्या दिवशी मोजणी अर्धवट राहिल्याची नोंद होती. जिल्हा फेरीच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना ती वही नीट उतरवून काढायला लावली. त्यांनी दोन रात्री बसून, एकाच निळ्या शाईने, सुंदर अक्षरात ती उतरवली. परीक्षकांनी पाने उलटली, एकसारखी शाई पाहिली आणि हे सगळे एका बैठकीत लिहिले आहे का, असे विचारले. मुली खरे बोलल्या, पण मूळ वही घरी राहिली होती. पुढच्या फेरीत त्या गेल्या नाहीत आणि तो दोष सर्वस्वी माझा होता. तेव्हापासून मी मुलांच्या वहीला हात लावत नाही. फक्त दर आठवड्याला वाचून, तारीख घालून सही करतो.

वहीत फसलेले प्रयोगही लिहावेत. मांजराने ताटली उलटवली, वीज गेली, भावाने माठातले पाणी पिऊन टाकले, हे सगळे लिहावे. प्रयोगाचा विचार कसा बदलत गेला, ते याच नोंदींतून परीक्षकाला दिसते.

परवानग्या आणि सुरक्षितता

माणसे, पाठीचा कणा असलेले प्राणी, सूक्ष्मजीव आणि घातक रसायने या चार गोष्टींना हात लावण्यापूर्वी थांबावे. शेजाऱ्यांना प्रश्नावली देणे हे निरुपद्रवी वाटते, पण आयसेफच्या नियमांत तोही माणसांवरचा अभ्यास ठरतो आणि त्यासाठी शिक्षक, शाळेतला प्रशासक आणि वैद्यकीय किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातली व्यक्ती अशा किमान तिघांच्या समितीने आधी मान्यता द्यावी लागते. मुख्याध्यापक, एखादे शिक्षक आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर मिळून अशी समिती गावातही होऊ शकते. विचारलेल्या प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी, त्यांची नावे अहवालात देऊ नयेत आणि समोरची व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर पालकांचीही सही घ्यावी.

घरी जिवाणू वाढवू नयेत. काचेच्या बशीत माध्यम घालून हातावरचे, नाण्यावरचे किंवा विहिरीच्या पाण्यातले जिवाणू वाढवण्याचा मोह मुलांना फार होतो. आयसेफमध्ये घरी असे संवर्धन करायला बंदीच आहे. ते योग्य प्रयोगशाळेत, जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे लागते. नियम कुठेही असोत, वाढलेल्या बशीत नेमके काय वाढले आहे ते तुम्हाला ठाऊक नसते, हे कारण मला पुरेसे वाटते. भाकरीवर किती दिवसांत बुरशी येते, असा साधा अभ्यास करता येतो, पण बुरशी दिसताक्षणी तो थांबवायचा असतो.

मार्गदर्शन लागले तर संकोच करू नये. पत्र लिहिताना मात्र "मला प्रकल्पासाठी मदत करा" असे न लिहिता आपला प्रश्न, आतापर्यंतची मोजमापे आणि नेमके कुठे अडले ते एका पानात लिहावे. माती तपासायची असेल तर जवळचे कृषी विज्ञान केंद्र गाठावे. मुंबईच्या मानखुर्द भागात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे आणि १९६६ पासून काम करणाऱ्या मराठी विज्ञान परिषदेचे विभाग अनेक गावांत आहेत. ज्यांनी मदत केली त्यांची नावे आणि त्यांनी केलेले काम अहवालात स्पष्ट लिहावे. संगणकावरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल तर कशासाठी घेतली, तेही तसेच नोंदवावे.

आकड्यांचे वाचन

समजा, मेच्या मोजमापात सहा तासांत आरओच्या पाण्याच्या तीन माठांतून ४१२, ३९५ आणि ४३१ ग्रॅम पाणी उडाले आणि बोअरच्या पाण्याच्या माठांतून २८८, ३४१ आणि २६५ ग्रॅम उडाले. सरासरी अनुक्रमे सुमारे ४१३ आणि २९८ ग्रॅम येते. इथेच थांबून पुष्कळ मुले निष्कर्ष लिहून टाकतात. पण सरासरीच्या पुढे पाहावे. पहिल्या गटातला सर्वांत कमी आकडा ३९५ आहे आणि दुसऱ्यातला सर्वांत मोठा ३४१ आहे, म्हणजे दोन गट एकमेकांत मिसळत नाहीत आणि फरक खरा असण्याची शक्यता बरीच आहे. तिसऱ्या माठातून २६५ ऐवजी ४१८ ग्रॅम उडाले असते, तर सरासरी ३४९ आली असती आणि फरक कागदावर दिसलाच असता, पण बोअरचा एक माठ आरओच्या दोन माठांच्याही पुढे गेला असता. अशा वेळी फरक असल्याचे ठामपणे म्हणता येत नाही, अधिक माठ घ्यावे लागतील, असेच लिहावे. अकरावी-बारावीच्या मुलांनी प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप, काढून आलेखावर दाखवावे. आठवी-नववीच्या मुलांनी सगळे आकडे ठिपक्यांनी मांडले तरी पुरे.

याच वेळी फेब्रुवारीतले पहिले मोजमापही काढून पाहावे. तेव्हा सहाही माठ कोरे होते. त्या दिवशीच दोन गटांत फरक असेल, तर मेमधला फरक क्षारांचा नव्हे, मुळातल्या माठांचा आहे.

विसंगत आकडा कधीही वगळू नये. काटा हलला होता, अशी त्या दिवशीची नोंद वहीत असेल, तर ती सांगून तो बाजूला ठेवता येतो. नोंद नसेल तर तो तसाच ठेवावा. आणि गृहीतक चुकीचे ठरले, क्षारांमुळे काहीच फरक पडला नाही असे निघाले, तर प्रकल्प वाया गेला असे समजू नये. नीट मोजून आलेले "नाही" हे उत्तर परीक्षकांना पटते. ओढूनताणून आणलेले "होय" त्यांना दोन प्रश्नांत कळते.

अहवाल आणि मांडणी

अहवालाचा साचा प्रत्येक स्पर्धा देते आणि त्यावर मी फार लिहीत नाही. सारांश सर्वांत शेवटी लिहावा. आयसेफला तो २५० शब्दांत लागतो आणि त्या मर्यादेत प्रश्न, पद्धत, आकडे आणि निष्कर्ष बसवण्याचा सराव कुठल्याही स्पर्धेसाठी उपयोगी पडतो. महाजालावरून उचललेली प्रस्तावना काढून टाकावी. पाण्याचे महत्त्व परीक्षकांना माहीत असते. पोस्टरवर अक्षर हातभर अंतरावरून वाचता येईल इतके मोठे असावे, आलेखाच्या दोन्ही अक्षांवर राशी आणि एकक लिहिलेले असावे आणि किमान एक छायाचित्र प्रत्यक्ष मोजमाप चालू असतानाचे असावे. बाजारात तयार प्रतिकृती आणि छापील प्रकल्प विकत मिळतात. पालकांनी ते आणून देऊ नयेत. त्यातले एकही उत्तर मुलाला देता येत नाही आणि सर्वांसमोर गप्प उभे राहण्याची वेळ त्याच्यावर येते.

परीक्षकांसमोर

मांडणीला मोजकी मिनिटे मिळतात, म्हणून पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न आणि सापडलेले उत्तर सांगून टाकावे. स्वागत, आभार आणि सुविचार यांत वेळ घालवू नये. पाठांतर करू नये. त्याऐवजी आजीला, धाकट्या भावाला आणि गणिताच्या शिक्षकांना, अशा तीन वेगळ्या श्रोत्यांना प्रकल्प आधी समजावून सांगावा. तिघांनी विचारलेले प्रश्न लिहून ठेवावेत. बहुतेक वेळा परीक्षकही त्यातलेच विचारतात.

मी परीक्षक असताना ठरावीक चार गोष्टी विचारत आलो आहे : हाच प्रश्न का निवडला, नमुने इतकेच का घेतले (आपल्या उदाहरणात, प्रत्येक गटात तीनच माठ का), सर्वांत जास्त शंका कोणत्या आकड्याविषयी वाटते आणि पुन्हा करायचे झाले तर काय बदलाल. गटाने काम केले असेल तर प्रत्येकाला त्याने स्वतः केलेले मोजमाप विचारतो आणि वहीतले ते पान काढून दाखवायला सांगतो. उत्तर येत नसेल तर "हे आम्ही तपासले नाही" असे सरळ सांगावे आणि ते कसे तपासता येईल, याचा विचार तिथल्या तिथे बोलून दाखवावा. पालक आणि शिक्षकांनी त्या वेळी दालनाच्या बाहेर थांबावे.

निकाल काहीही लागला तरी घरी आल्यावर दोन कामे उरतात. परीक्षकांनी काढलेल्या उणिवा त्याच रात्री वहीत उतरवून ठेवाव्यात, कारण चार दिवसांनी त्यांतल्या निम्म्या आठवत नाहीत. दुसरे म्हणजे, ज्यांच्याकडून माठ आणले त्या कुंभारदादांकडे अहवाल घेऊन जावे आणि आलेख समोर धरून त्यांना सगळे समजावून सांगावे. भट्टीत वरच्या थराला भाजलेला माठ आणि तळाला भाजलेला माठ वेगळे पाझरतात का, असे काहीतरी ते विचारतील. तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा.